पेकिंगचा ग्रीष्मप्रासाद

उन्हाळा लागला की सामान्य माणूस सावली शोधतो आणि राज्यकर्ता थंड हवेचे ठिकाण शोधतो. आपल्याकडे मुंबईचे इंग्रज गव्हर्नर महाबळेश्वर गाठीत आणि कलकत्त्याचे व्हाइसरॉय आपले सारे दप्तर उंटा-बैलांवर लादून सिमल्याला चढत. ही रीत केवळ इंग्रजांची नव्हे. जगातल्या बहुतेक राजघराण्यांनी उन्हाळ्यासाठी वेगळे वाडे बांधले आणि त्या वाड्यांभोवती बागा फुलवल्या. आज मी आपल्याला अशाच एका वाड्याची आणि त्याच्या बागेची हकिकत सांगणार आहे. हा वाडा चीनमध्ये पेकिंग, म्हणजे आजच्या बीजिंग शहराजवळ आहे. आपण म्हणाल, पेकिंगच्या बागेशी आम्हांला काय कर्तव्य? पण थोडे ऐकून घ्या. या बागेची वाट कुठे कुठे आपल्या मुंबईवरून आणि माळव्यातल्या शेतांवरूनही जाते.

पेकिंगचा उन्हाळा मोठा कडक असतो. बादशहाचा मुख्य राजवाडा शहराच्या मध्यभागी, उंच भिंतींच्या आत. फरसबंदी अंगणे तापत आणि झाडांची सावली बेताची. शहराच्या वायव्येला मात्र डोंगर आहेत, त्यांच्या पायथ्याशी झरे आहेत. जिथे पाणी तिथे बाग, हा नियम आपल्या मळ्यांना लागू आहे तसाच बादशहाच्या बागांनाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून छिंग घराण्यातल्या बादशहांनी या झऱ्यांच्या मुलखात एकामागून एक बागा वसवल्या. त्यांतल्या दोन बागांची नावे आपण लक्षात ठेवू. एक युआनमिंगयुआन, म्हणजे जुना ग्रीष्मप्रासाद, आणि दुसरी यिहयुआन, म्हणजे आज उभा असलेला ग्रीष्मप्रासाद.

पहिल्या बागेची सुरुवात 1707 साली झाली. खांगशी बादशहाने आपल्या चौथ्या मुलाला ही जागा दिली. हाच मुलगा पुढे युंगचंग या नावाने गादीवर आला आणि त्याने बाग वाढवून तिथेच कचेऱ्या बांधल्या. त्याचा मुलगा छ्येनलुंग याने तर 1735 पासून साठ वर्षे राज्य केले आणि बागेचा विस्तार सुमारे साडेतीनशे हेक्टरांपर्यंत नेला. बाग म्हटल्यावर आपल्यापुढे वाफे आणि फुलांच्या रांगा येतात. चिनी बाग तशी नसते. तिथे टेकडी, तळे, वळणाची वाट, लहानसा पूल, बांबूचे बन आणि मधेच एखादे दालन अशी रचना असते. एका जागी उभे राहून सगळी बाग दिसू नये, दर वळणावर नवे काही दिसावे, हा त्यामागचा विचार. जणू गुंडाळून ठेवलेले लांब चित्र हळूहळू उलगडावे.

छ्येनलुंगच्या दरबारात युरोपातले काही पाद्री होते. कास्तिल्योने नावाच्या इटालियन चित्रकार पाद्र्याने आराखडे केले, बेनुआ नावाच्या फ्रेंच पाद्र्याने कारंज्यांची यंत्रे बसवली आणि बागेच्या एका कोपऱ्यात युरोपी धाटणीच्या संगमरवरी इमारती उठल्या. तिथे एका कारंज्याभोवती बारा मूर्ती बसवल्या होत्या. देह माणसांचे दगडी, आणि मस्तके ब्राँझची, उंदीर, बैल, वाघ, ससा अशा बारा प्राण्यांची. चिनी कालगणनेत दिवसाचे बारा भाग. ज्या प्राण्याचा प्रहर असेल त्याच्या तोंडातून पाणी उडे. म्हणजे ते कारंजे आणि घड्याळ दोन्ही होते. ही बारा मस्तके ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

आता दुसरी बाग. 1751 साली छ्येनलुंगच्या आईचा साठावा वाढदिवस यायचा होता. त्या निमित्ताने 1750 मध्ये जवळच्याच एका टेकडीभोवती काम सुरू झाले. टेकडीचे नाव बदलून 'दीर्घायुष्याचा डोंगर' असे ठेवले. पायथ्याचे तळे खोल आणि रुंद केले, त्याला खुनमिंग हे नाव दिले आणि खणून काढलेल्या मातीने टेकडीला हवा तसा आकार दिला. दक्षिणेतल्या हांगचौ शहराच्या प्रसिद्ध पश्चिम सरोवराचा नमुना समोर ठेवला होता. बागेचे नाव पडले छिंगयियुआन. काम 1764 पर्यंत चालले. नोंदलेला खर्च आहे सुमारे 44 लाख 80 हजार टेल. टेल म्हणजे जवळजवळ 37 ग्रॅम चांदी. गुणाकार शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावा. चांदीचे वजन दीड लाख किलोच्याही वर जाते.

पण एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. हे तळे केवळ शोभेचे नव्हते. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी तिथे साठे, तिथून ते शहराला आणि मालवाहतुकीच्या कालव्याला मिळे, आणि भोवतालची भातखाचरे त्यावर भिजत. तळ्याच्या काठी 1755 साली बसवलेला ब्राँझचा बैल आजही आहे. पाय दुमडून बसलेला, मान वळवून पाण्याकडे पाहणारा. आपल्याला पटकन नंदीची आठवण यावी असा. पुराचे पाणी आवरावे म्हणून बैलाची मूर्ती काठावर बसवायची, अशी तिथली जुनी श्रद्धा. म्हणजे एकाच कामात आईचा वाढदिवस, धरण, कालवा आणि बादशहाची हौस असे सगळे होते.

गंमत अशी की, आपण आता नवी बाग बांधणार नाही असे छ्येनलुंगने पूर्वी जाहीर केले होते. आपण शब्द मोडला हे त्याला बोचले असावे, कारण या बागेविषयी लिहिताना त्याने ते कबूल केले आणि आपण सकाळी तिथे जातो, दुपारपर्यंत परत येतो, रात्री मुक्काम करत नाही, असा खुलासाही करून ठेवला. सर्वसत्ताधीश बादशहालाही खर्चाची सबब सांगावी लागते!

या बागेत काय काय आहे म्हणाल? टेकडीवर वीस मीटरांचा दगडी चौथरा आणि त्यावर एकेचाळीस मीटर उंचीचा बुद्धाचा मनोरा. तळ्यातल्या बेटाकडे जाणारा सतरा कमानींचा पूल. कोणत्याही बाजूने मोजा, मधली कमान नववी येते. नऊ हा तिथे राजाचा आकडा. तळ्याच्या काठाने गेलेली सातशे अठ्ठावीस मीटर लांबीची, वरून छपराची ओसरी, आणि तिच्या तुळयांवर हजारो चित्रे. त्यांत एका भिक्षूच्या पश्चिमयात्रेच्या कथेतले प्रसंग आहेत. हा भिक्षू कोण? आपण इतिहासात ज्याला ह्युएनत्संग म्हणून ओळखतो तोच. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी तो आपल्या महाराष्ट्रात आला होता आणि इथल्या माणसांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला. पेकिंगच्या ओसरीत आपला एक जुना पाहुणा असा भेटतो.

टेकडीमागे एक बाजारपेठही होती. दक्षिणेतल्या सूचौ शहराच्या धर्तीवर पाण्याकाठी दुकाने मांडलेली. बादशहाची स्वारी आली की दरबारचे नोकर दुकानदार व्हायचे आणि राजघराण्यातली मंडळी गिऱ्हाईक व्हायची. ज्यांना खऱ्या बाजारात पाऊल टाकायची सोय नव्हती त्यांची ही भातुकलीच म्हणायची.

असो. इथवर बागेचे वैभव झाले. आता वाट मुंबईकडे वळते.

चीनचा चहा आणि रेशीम इंग्रजांना हवे होते आणि त्याबदली चांदी मोजावी लागत होती. ही चांदी वाचवायची कशी? इंग्रज व्यापाऱ्यांना त्याचे उत्तर सापडले अफूत. बंगाल-बिहारकडची अफू कंपनी सरकारच्या देखरेखीखाली तयार होई. माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, शेतकरी खसखशीचे पीक घेत, त्या बोंडांचा चीक काढून अफू होई आणि ती मुंबई बंदरातून चीनला जाई. 1843 साली इंग्रजांनी सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि माळव्याच्या अफूला मुंबईची वाट धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सरकार दर पेटीमागे कर घेई. मुंबईच्या अनेक मोठ्या व्यापाऱ्यांची भरभराट या चीनच्या व्यापारावर झाली. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांतले अग्रगण्य. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी पैसा मिळवला आणि त्यातून इस्पितळ, कलाशाळा, माहीमचा पूल अशा कामांना सढळ हाताने मदत झाली. त्या इस्पितळात आपल्यापैकी कित्येकांच्या आप्तांना जीवदान मिळाले असेल. दानाचे पुण्य नाकारू नये. पण तो पैसा कोणत्या मार्गाने आला हेही विसरू नये. इतिहास शिकायचा तो असा, दोन्ही हातांनी.

चीनमध्ये अफूने हाहाकार उडवला. सरकारने बंदी घातली, साठे नष्ट केले. त्यावरून 1839 ते 1842 पहिले अफूचे युद्ध झाले आणि इंग्रजांनी हाँगकाँग घेतले. 1856 मध्ये दुसरे युद्ध पेटले; या वेळी फ्रेंचही इंग्रजांबरोबर होते. 1857 साली लॉर्ड एल्गिन फौज घेऊन चीनकडे निघाला असता इकडे आपल्या देशात उठाव झाला. तेव्हा चीनकडे निघालेल्या पलटणी त्याने हिंदुस्थानकडे वळवल्या. म्हणजे आपले सत्तावन्न साल आणि चीनचे युद्ध ही एकाच साम्राज्याची दोन आघाड्यांवरची लढाई होती. आणि 1860 साली जी फौज पेकिंगवर चालून गेली तिच्यात पंजाबी पायदळ, हिंदुस्थानी घोडेस्वार आणि मद्रासचे सॅपर्स होते.

त्या सप्टेंबरात शिनफंग बादशहा उत्तरेकडे पळून गेला. वाटाघाटीसाठी गेलेल्या इंग्रज-फ्रेंच मंडळींना चिनी अधिकाऱ्यांनी कैद केले, त्यांचे हाल केले आणि त्यांतले बरेच जण मेले. मेलेल्यांत हिंदुस्थानी स्वारही होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही फौजा युआनमिंगयुआनमध्ये शिरल्या आणि लूट सुरू झाली. रेशीम, जवाहीर, घड्याळे, चिनी मातीची भांडी, पोथ्या, चित्रे. जे उचलेल ते गेले, जे उचलवेना ते फुटले. इंग्रजांनी लुटीचा रीतसर लिलाव करून पैसे शिपायांत वाटले. एक लहानसे पेकिंगी कुत्रेसुद्धा व्हिक्टोरिया राणीला नजर झाले आणि त्याचे नाव ठेवले 'लूटी'. आपल्या भाषेतला 'लूट' हा शब्द इंग्रजांनी कसा आपलासा केला, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मग कैद्यांच्या मृत्यूचा सूड म्हणून एल्गिनने बाग जाळण्याचा हुकूम दिला. शिक्षा जनतेला नको, बादशहालाच व्हावी, असे त्याचे म्हणणे. लुटीत सामील झालेल्या फ्रेंचांनी जाळण्यात मात्र भाग घेतला नाही. 18 ऑक्टोबर 1860 रोजी आग लावली. चिनी इमारती देवदारासारख्या लाकडाच्या. त्या दिवसभर आणि पुढेही जळत राहिल्या, धूर पेकिंग शहरावर पसरला. शेजारची छिंगयियुआनही त्यात सापडली. टेकडीवरचे ब्राँझचे देऊळ आणि चकचकीत कौलारू विटांचे मंदिर तेवढे वाचले, कारण ते पेट घेईना. बागेच्या एका मुख्य अधिकाऱ्याने तळ्यात उडी घेऊन जीव दिला. फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो याने पुढच्याच वर्षी एका पत्रात इंग्लंड आणि फ्रान्स या दोघांनाही उघडउघड दरोडेखोर ठरवले. ज्याच्या देशाने चूक केली त्याच देशातला माणूस असे बोलतो, ही गोष्ट लहान नाही.

हाच एल्गिन 1862 मध्ये आपल्या देशाचा व्हाइसरॉय होऊन आला आणि 1863 साली धरमशाळेला वारला. त्याची कबर तिथेच, देवदारांच्या रानात आहे. त्याचा मुलगाही पुढे व्हाइसरॉय झाला. 1897 साली पुण्यात प्लेगच्या जुलमावरून रँडचा वध झाला आणि लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा व्हाइसरॉयच्या खुर्चीवर हा धाकटा एल्गिन होता. नावे तीच, घराणी तीच, फक्त गावे बदलतात.

आता कथेचा दुसरा अंक. जळलेल्या बागेच्या जागी नवी बाग उभी केली ती राजमाता त्सू शी हिने. लहान वयाच्या बादशहांच्या नावाने ही बाई जवळजवळ अर्धशतक कारभार पाहत होती. 1880 नंतरच्या दशकात छिंगयियुआनची पुनर्बांधणी सुरू झाली आणि 1888 साली तिला यिहयुआन हे नाव मिळाले. पैसा आणायचा कुठून? 1885 मध्ये चीनने आरमाराचे नवे खाते उघडले होते. त्या खात्याचा पैसा बागेकडे वळला. किती वळला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वळला यावर नाहीत. निमित्तही नामी होते. तळ्यावर नौदलाची शाळा काढली आणि शाळेसाठी इमारती हव्यात असे दाखवले. खुद्द आरमारासाठी मात्र 1888 नंतर परदेशातून एकही मोठी नौका आली नाही.

1894 हे राजमातेच्या साठीचे वर्ष. समारंभाची तयारी जोरात होती आणि त्याच वर्षी जपानशी युद्ध जुंपले. सप्टेंबरात यालू नदीच्या मुखाशी चिनी आरमाराला जबर मार बसला, फेब्रुवारी 1895 मध्ये उरलेले आरमार संपले. तैवान गेले आणि वीस कोटी टेलांची खंडणी पदरी पडली. बागेतला नियोजित सोहळा रद्द करावा लागला. त्या तळ्याच्या काठी दगडी तळाची एक नौका आजही दिसते. तिचा तळ छ्येनलुंगच्या काळचा. वरचा लाकडी मजला त्सू शीने नव्या धाटणीने बांधला, संगमरवराचा भास व्हावा असा रंगवला आणि बाजूला आगबोटीसारखी चाकेही काढली. ही नाव जागची हलत नाही, म्हणूनच ती बुडतही नाही. लोक म्हणतात, चीनच्या आरमारातली एवढी एकच नाव शिल्लक राहिली. थट्टा खरी, पण थट्टेमागे मेलेल्या खलाशांची घरे आहेत.

मात्र सगळा दोष एका बाईच्या हौसेवर टाकणे सोपे आहे, आणि सोपे उत्तर बहुधा अपुरे असते. राज्यकारभार जुनाट होता, अधिकारी एकमेकांत भांडत होते, एका प्रांताचे आरमार लढत असता दुसऱ्या प्रांताचे आरमार स्वस्थ बसले. बाग हे रोगाचे लक्षण होते. रोग तेवढाच नव्हता.

1898 साली तरुण बादशहा क्वांगशू याने सुधारणा करू पाहिल्या. शंभर-एक दिवसांत त्सू शीने सत्ता हिसकावली आणि त्याला नजरकैदेत टाकले. या बागेतल्या त्याच्या महालाची दारे विटांच्या भिंतींनी बंद केली. समोर एवढे मोठे सरोवर, आणि मालकाला त्याचे दर्शन नाही! 1900 साली बॉक्सर बंडाच्या वेळी आठ देशांच्या फौजा पेकिंगला आल्या आणि बाग पुन्हा लुटली गेली. या वेळीही हिंदुस्थानी पलटणी त्यांत होत्या. त्यांतल्या सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधर सिंह यांनी परत आल्यावर 'चीन में तेरह मास' हे हिंदी पुस्तक 1902 साली काढले. परक्याच्या हुकमाने परक्याच मुलखात लढायला गेलेल्या शिपायाच्या मनात चिनी माणसाबद्दल कणव होती, हे त्या पुस्तकातून कळते.

1908 साली बादशहा आणि राजमाता एका दिवसाच्या अंतराने वारले. 1912 साली राजेशाही संपली. ज्या बागेत पूर्वी रयतेला पाऊल टाकायची मनाई होती तिथे 1914 पासून तिकीट काढून माणसे जाऊ लागली आणि 1924 साली शेवटच्या बादशहाला राजवाड्याबाहेर काढल्यावर ती बाग पुढे सार्वजनिक झाली. 1998 साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. जुनी युआनमिंगयुआन मात्र मुद्दाम पुरती बांधून काढली नाही. मोडलेले संगमरवरी खांब तसेच राखले आणि 1988 मध्ये ते अवशेष लोकांसाठी खुले केले. शाळांच्या सहली तिथे येतात. आणि ती बारा मस्तके? त्यांतली सात, कोणी लिलावात विकत घेऊन, कोणी देणगी म्हणून, चीनमध्ये परत आली आहेत. घोड्याचे मस्तक तर 2020 साली थेट त्याच्या मूळ बागेत परतले.

श्रोतेहो, या हकिकतीतून काय घ्यायचे? शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. आपल्या तालुक्यात एखादा जुना वाडा, सरदाराची बाग, एखादी बारव किंवा तलाव असेलच. मुलांना तिथे घेऊन जा आणि चार प्रश्न विचारा. हे कोणी बांधले? पैसा कुठून आला? हात कोणाचे लागले? आणि आज याचा उपयोग कोणाला होतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शिलालेखात मिळते. बाकीच्या तिहींसाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे, जुन्या दप्तरांकडे जावे लागते, आणि तिथेच खरा इतिहास सुरू होतो.

पेकिंगच्या बागेबाबत या चार प्रश्नांची उत्तरे पाहा. बांधली बादशहांनी. पैसा आला शेतसाऱ्यातून, आणि पुढे आरमाराच्या तिजोरीतून. हात लागले हजारो गवंडी, सुतार आणि माती उपसणाऱ्या मजुरांचे, ज्यांची नावे कोणत्याही मनोऱ्यावर कोरलेली नाहीत. आणि उपयोग? सकाळी त्या ओसरीत म्हातारीकोतारी माणसे हातपाय हलवायला येतात, तळ्यावर मुले नावा वल्हवतात, थंडीत तळे गोठले की त्यावर घसरत खेळतात. ज्यांच्या आजे-पणज्यांनी माती उपसली, त्यांची नातवंडे आज त्या तळ्यावर खेळताहेत. ब्राँझचा बैल काठावर बसून ते पाहतो आहे.